नोकरी लागल्यावर फी? आधी करार वाचा!

सहा महिने कोडिंग शिका, नोकरी लागल्यावर फी द्या. ही जाहिरात माहूर-किनवटच्या पोरांच्याही मोबाईलवर येते आणि मग ती आम्हाला विचारतात, कोणता बूटकॅम्प चांगला? आमचा उलटा प्रश्न आहे : ही फी आहे की कर्ज?

अमेरिकेतल्या ब्लूमटेकने, म्हणजे आधीच्या लॅम्ब्डा स्कूलने, पोरांना सांगितलं की हे कर्ज नाहीच. जाहिरातीत नोकऱ्या ७१ ते ८६ टक्के. गुंतवणूकदारांना दिलेल्या आकड्यांत ५० च्या आसपास, काही तुकड्यांत तर ३०. २०२४ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने त्यांच्या कर्जव्यवहारावर कायमची बंदी घातली. तेव्हा सही करण्याआधी बघा, कागदावर फायनान्स कंपनीचं नाव आहे का. असेल तर नोकरी लागो न लागो, हप्ता बापाच्या दारात येणार.

करार बाबासाहेबांनीही केला होता. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीसाठी दहा वर्षं नोकरीची अट त्यांनी मान्य केली. पण बदल्यात कोलंबिया विद्यापीठ मिळालं, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ नव्हेत! आणि एवढं शिकून १९१७ ला बडोद्यात नोकरीवर गेले, तर राहायला खोली मिळेना.

आता जात कोण बघतं, असं म्हणणाऱ्यांसाठी : सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्णांपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी. म्हणून 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्याला थेट विचारा, त्यात आपली किती? मराठी माध्यमाची, तालुक्याच्या गावातून आलेली किती? मागच्या तुकडीतल्या चार-पाच जणांशी बोलणं करून द्या म्हणा. टाळाटाळ केली, तर फोन ठेवा.

पैसे भरण्याआधी दोन महिने फुकटात शिकून बघा. स्वयम, एनपीटेल, फ्रीकोडकॅम्प आहेतच. पदवी असेल तर सी-डॅकची प्रवेश परीक्षा बघा. तिथली फी निदान आधी कळते.

पण लॅपटॉपचं काय? मोबाईलवर कोडिंग होत नाही, आणि माहूरहून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे. बार्टी स्पर्धा परीक्षांचं प्रशिक्षण देते, तसं लॅपटॉप आणि विद्यावेतनासह कोडिंगचं प्रशिक्षण किनवट-माहूरला का नको? कर्ज काढून आमच्याच पोरांनी प्रयोग का करायचा? या मागणीचं निवेदन नांदेडच्या समाजकल्याण कार्यालयात द्यायचं आहे. वाडी-तांड्यावरच्या, विहारात अभ्यासाला येणाऱ्या प्रत्येक पोरा-पोरीची सही त्यावर हवी.

जय भीम!