सांगितलेल्या विषयाचे चित्र

आपल्याकडील कलासमीक्षेत कथाचित्रकाराकडे पाहण्याची एक ठरीव दृष्टी आहे. साप्ताहिकाच्या संपादकाने विषय सांगावा आणि अंक छपाईला जाण्यापूर्वी चित्रकाराने तो रेखाटून द्यावा, या व्यवहारास ती कारागिरी म्हणते. कोणी न सांगता रंगविलेल्या चित्रास मात्र कला. आज अनेक नवोदित चित्रकार दर आठवड्यास एक शब्द समोर ठेवून त्यावर चित्र काढतात. कधी तो इतिहासातील प्रसंग असतो, कधी गाजलेल्या चित्रपटातील पात्र. त्यांचीही 'सराव' या एका शब्दात बोळवण होते. कोलकात्याचा, म्हणजे तेव्हाच्या कलकत्त्याचा, अनुभव या विभागणीविरुद्ध साक्ष देतो.

कालीघाटच्या देवळाभोवती बसणारे पटुआ यात्रेकरूंसाठी देवदेवतांचे पट काढीत आणि पैसा-आण्याच्या मोलाने विकीत. २७ मे १८७३ रोजी सरकारी छापखान्यात नोकरीस असलेल्या नवीनचंद्र नावाच्या तरुणाने आपली पत्नी एलोकेशी हिचा मासे कापण्याच्या विळीने गळा कापला. तारकेश्वरच्या महंताशी तिचा संबंध असल्याचे त्याच्या कानावर आले होते. ज्यूरीने नवीनला वेडाच्या सबबीवर निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि लोकांच्या अर्जविनंत्यांनंतर १८७५ मध्ये त्याची सुटका झाली. महंतास तीन वर्षे सक्तमजुरी भोगावी लागली. पटुआंना हा विषय देणारा कोणी संपादक नव्हता; तो बाजाराने दिला. महंताला विडा देणारी एलोकेशी, विळी उगारलेला नवीन, तुरुंगात तेलाचा घाणा फिरविणारा महंत, अशी चित्रांची मालिकाच तयार झाली. पटुआने खून पाहिलेला नव्हता. त्याने पाहिलेले होते ते कलकत्त्याचे बाबू: त्यांचे कुरळे केस, चुणीदार धोतर, पायातील पंप-शू. तेच त्याने नवीनला चढविले, आणि वार्तेतला खुनी शहराच्या ओळखीचा झाला. एलोकेशी काही पटांत मोहात पडलेली दिसते, काहींत केवळ बळी. न्यायालयाला एक निकाल देणे भाग होते; पटुआंवर तशी सक्ती नव्हती.

याच पटुआंनी घोड्यावर बसलेली झाशीची राणी काढली, आणि वाघाशी झुंजणारा श्यामाकांतही. इतिहास आणि तमाशा एकाच कुंचल्याने रंगले याचा आज काहींना विषाद वाटेल. गिऱ्हाइकाला तो वाटला नाही. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात काढलेल्या चित्रशाळेने हेच केले. आपल्या ऐतिहासिक पुरुषांचे जे चेहरे डोळ्यांसमोर येतात, त्यांपैकी कितीतरी प्रकाशकाने सांगून काढून घेतलेले आहेत.

सत्यजित राय यांचे उदाहरण तर सर्वपरिचित आहे. सिग्नेट प्रेसने 'पथेर पांचाली'च्या बालसंक्षेपासाठी त्यांच्याकडून चित्रे मागविली नसती, तर १९५५ चा चित्रपट कदाचित जन्मासही आला नसता.

तेव्हा विषय कोणाचा, हा प्रश्न दुय्यम आहे. विषय मिळणे आणि रेघ उमटणे यांच्या मधल्या अवकाशात चित्रकाराने काय पाहिले, हा खरा प्रश्न. शब्द घालताच चित्र काढून देणारी यंत्रे आज आली आहेत. त्यांच्याविषयीची तक्रार ती सांगितलेले काढतात ही नसून, त्यांच्या बाबतीत तो अवकाशच नसतो, ही असावयास हवी.

चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी तो अवकाश पायांनी मोजला. १९४३ च्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या कामासाठी ते दुष्काळग्रस्त मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले. त्यांची रेखाटने मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या पक्षाच्या साप्ताहिकात छापली जात. विषय पक्षाचा होता आणि अंकाची तारीख ठरलेली होती. तरीही चित्राखाली माणसाचे नाव आणि गाव लिहिण्याची त्यांची रीत पाहावी: भुकेचे प्रतीक काढावयास निघालेला चित्रकार नाव विचारीत बसत नाही. 'हंग्री बेंगॉल' या त्यांच्या पुस्तकाच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण झाले.

या व्यवहारात धोका नाही असे नव्हे. विषय सांगणारा उद्या निष्कर्षही सांगू लागतो. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस पक्षाची वाट बदलली आणि चित्तप्रसाद त्यापासून दूर झाले. १९७८ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्याआधीची बरीच वर्षे ते मुंबईत अंधेरीला राहिले, लिनोकट कोरले, मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ केले. १९६९ मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लिनोकटांत राबणारी मुले आहेत. हा विषय त्यांना कोणत्याही साप्ताहिकाने दिला नव्हता. पण त्यांतील मुलांचे चेहरे पाहताना मेदिनीपूरच्या वाटेवर नावे विचारणारा तोच माणूस ओळखू येतो.