वजन नव्हे, संख्या

सुट्ट्या नाण्यांची थैली आली की अनुभवी रोखपाल एकेक नाणे मोजीत बसत नाही. थैली तराजूत घालतो आणि वजनावरून संख्या काढतो. रसायनशास्त्रातील ‘मोल’ हा असाच हिशेब आहे. १२ ग्रॅम कार्बनमधील अणू आणि १८ ग्रॅम पाण्यातील रेणू संख्येने सारखेच: ढोबळमानाने ६ वर २३ शून्ये. विद्यार्थी मोलला वजन समजतात आणि तेथेच उदाहरण चुकते. डझनभर केळी आणि डझनभर लिंबे एकाच वजनाची कोण समजेल? पूर्वी ही संख्या कार्बनच्या वजनावरून ठरे. २० मे २०१९ पासून ती स्वतंत्रपणे निश्चित झाली. गंमत अशी, की जिला ॲव्होगॅड्रो यांचे नाव मिळाले ती संख्या त्यांना कधीच ठाऊक नव्हती. ते १८५६ मध्ये निवर्तले. तिच्या अंदाजाची वाट लोश्मिट यांच्या १८६५ मधील गणिताने मोकळी झाली.