वेग विकला जातो, घरात वाटला जातो तो वेळ

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

महोदय,

ब्रॉडबँड संथ चालतो अशी तक्रार केली की एक उत्तर ठरलेले असते : ‘साहेब, प्लॅन वाढवून घ्या.’ २०० एमबीपीएसचे पैसे भरूनही आमच्याकडे वाय-फायवर काटा पंचविशीपुढे सरकेना, तेव्हा कंपनीच्या माणसाने हेच सांगितले. केबल लावून मोजले तर राउटरपर्यंत दोनशे नीट येत होते. म्हणजे दोष घरातच होता. जुना प्रिंटर जोडला जाईना म्हणून त्याच कंपनीच्या माणसाने मागे राउटरची सुरक्षा सेटिंग डब्ल्यूपीए-टीकेआयपी करून ठेवली होती. प्रिंटर चालू झाला. पण वाय-फायच्या २००९च्या ‘एन’ मानकापासूनचे चढे वेग टीकेआयपीवर चालत नाहीत. त्यामुळे घरातले नवे फोनही २००३च्या ‘जी’ मानकाच्या ५४ एमबीपीएसवर उतरले, आणि त्यातलेही प्रत्यक्षात जेमतेम निम्मे हाती लागते. सेटिंग डब्ल्यूपीए२-एईएस केली, प्रिंटर यूएसबी वायरने जोडला, काम भागले. प्लॅन जुनाच आहे.

सेटिंग बरोबर असली तरी जुनी उपकरणे अडवणूक करतात, आणि ती कशी, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, सोसायटीच्या वार्षिक सभेत माईक एकच असावा तसे. पाळी सगळ्यांना सारखी. वेळ मात्र ज्याला लागेल तेवढा. १५०० बाइटचे एक पॅकेट ३०० एमबीपीएसवर ०.०४ मिलिसेकंदात जाते. १९९९च्या ‘बी’ मानकाच्या किमान वेगाने, म्हणजे १ एमबीपीएसने, त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात. तोवर बाकीचे ताटकळतात. शिवाय ‘बी’ उपकरणाला नव्यांचे सिग्नल उमगत नाहीत. म्हणून नव्यांना प्रत्येक वेळी आधी त्याला कळेल अशा संथ वेगात ‘थांब’ म्हणावे लागते.

‘बी’ सोडून बाकीचे, नुसते जोडून गप्प बसलेले उपकरण फारसे नडत नाही. नडतो तो गॅलरीच्या टोकाला, दोन भिंतींपलीकडे लावलेला २.४ गिगाहर्ट्‌झवरचा कॅमेरा. सिग्नल क्षीण, वेग पडलेला आणि चित्रण रात्रंदिवस चालू. ५ गिगाहर्ट्‌झवरच्या फोनला त्याची झळ लागत नाही. पण आपला फोन कोणत्या बँडवर आहे, हे किती घरांत ठाऊक असते?

घरातले वाय-फाय ही ग्राहकाची बाब, असे कंपन्या म्हणतील. पण राउटर बहुधा त्यांनीच दिलेला असतो आणि त्याच्या सेटिंगचा पासवर्डही अनेकदा त्यांच्याकडेच असतो. शिवाय, इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचे मानांकन देण्याचे नियम आपण २०२४मध्ये केले आहेत. भिंतीआडची जोडणी आपल्या विचारात आहेच. म्हणून तीन मागण्या :

१. वेगाच्या तक्रारीवर आधी केबलने आणि मग वाय-फायवर मोजणी व्हावी, आणि दोन्ही आकडे नोंदवल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये.

२. कंपनीने दिलेल्या राउटरवर कोणते उपकरण कोणत्या बँडवर, किती वेगाने जोडले आहे, हे ग्राहकाला मराठीसह भारतीय भाषांत दिसावे. सर्व उपकरणांना सारखा वेळ वाटून देण्याची सोय असेल, तर ती कशी चालू करायची हेही तिथेच सांगावे.

३. आपल्या मायस्पीड अ‍ॅपमध्ये वाय-फायवर चाचणी घेताना फोन आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा वेग ठळक दाखवावा, म्हणजे दोष तारेत आहे की घरात, ते तिथल्या तिथे कळेल.

‘जुने फेकून द्या’ हा सल्ला आम्हाला नको. चालता प्रिंटर भंगारात घालणे आणि गरज नसताना महागडा प्लॅन घेणे, दोन्हींत भुर्दंड ग्राहकालाच. जुने उपकरण वायरने जोडता येते, त्याला वेगळा बँड देता येतो, कॅमेऱ्याजवळ एक्स्टेंडर लावता येतो. मात्र त्यासाठी अडथळा कुठे आहे ते आधी कळायला हवे. तक्रारीच्या नोंदीत दोन आकडे लिहायला कंपन्यांना फार खर्च येणार नाही. आपण सक्ती केल्याशिवाय ते लिहिले जाणार नाहीत, एवढेच.

आपला,
एक ब्रॉडबँड ग्राहक,
डोंबिवली