गरज सरो, गिऱ्हाईक मरो?

(द्वितीय वर्ष, बी.ए.)

गेल्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप बंद पडला. तो जुनाच होता. आईने भिशी लागली तेव्हा त्या पैशांतून घेऊन दिलेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे त्या यंत्राला घरात फार मान होता. आई आणि मी एस.टी.ने शहरात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटा करून नंबर पाहिला आणि न उघडताच परत दिला. "हे मॉडेल कंपनीने बंद केले आहे. पार्ट येत नाहीत. नवीन घ्या."

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "माझी शिलाई मशीन तुझ्या जन्माच्या आधीची. तिचा पट्टा तुटला, शटल गेले, तरी बाजारात मिळते. मग याचेच का मिळू नये?"

मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता मी घरगुती संगणकांच्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोचले. तिथे समजले की आईचा प्रश्न नवा नाही. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील लाखो घरांपुढे तो उभा राहिला होता.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८१ साली टीआय-९९/४ए हा घरगुती संगणक ५२५ डॉलरला बाजारात आणला. पुढे कमोडोर कंपनीशी तिचे किमतीचे युद्ध जुंपले. १९८३ मध्ये हाच संगणक शंभर डॉलरच्या आत मिळू लागला. तोटा वाढत गेला, आणि २८ ऑक्टोबर १९८३ रोजी कंपनीने या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. असे वीस लाखांहून अधिक संगणक लोकांनी विकत घेतले होते. विशेष म्हणजे, त्याच वर्षी बनलेल्या काही यंत्रांत कंपनीने अशी तजवीज केली होती की इतरांनी बनवलेल्या कित्येक कार्ट्रिज त्यांत चालूच नयेत. म्हणजे आधी गिऱ्हाइकाला आपल्या एकट्याच्या दारात बांधायचे आणि मग ते दारच बंद करायचे! पुढे यंत्रे जगवली ती मुख्यतः वापरणाऱ्यांनीच. त्यांनी मंडळे काढली, माहितीची देवाणघेवाण केली, शिकागोला मेळे भरवले.

आता दुसरे उदाहरण पाहा. कमोडोरने १९८२ मध्ये कमोडोर ६४ आणला. त्याच्या प्रोग्रामरांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात यंत्राची सर्किट डायग्राम छापलेली होती. ॲपलनेही ॲपल २ च्या १९७८ मधील पुस्तकात तसेच केले होते. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोरचे दिवाळे निघाले. सर्व्हिस सेंटर राहिले नाही, तक्रार करायला पत्ताही राहिला नाही. तरी कमोडोर ६४ आजही दुरुस्त होतो, कारण कंपनी बुडाली तरी तिने दिलेली माहिती लोकांजवळ उरली. अडचणी आहेतच. त्यातील आवाजाची आणि चित्राची चिप खास प्रकारची होती. ती आता बनत नाही. एका मेलेल्या यंत्रातून काढून दुसऱ्यात बसवावी लागते, किंवा हौशी तंत्रज्ञांनी तयार केलेली पर्यायी चिप वापरावी लागते. पण दोष कुठे आहे हे तरी कळते.

कोणी म्हणेल, कंपनीने जुने सुटे भाग जन्मभर सांभाळत बसावे काय? मीही तसे म्हणत नाही. गोदामाला भाडे पडते, कारखान्यातील साचे बदलतात, हे मान्य. माझे म्हणणे एवढेच आहे की, विकतानाच सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील ते लिहून द्यावे. मॉडेल बंद करताना त्याची सर्किट डायग्राम आणि दुरुस्तीची माहिती सर्वांसाठी खुली करावी. आणि दुसऱ्याने बनवलेला भाग चालू नये अशी कुलपे घालू नयेत. यातले अशक्य काय आहे? युरोपीय संघात २० जून २०२५ पासून, मोबाईलच्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही ठराविक सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टल सुरू केले. हे पाऊल चांगले आहे. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळाला, आणि तिथे गेल्यावर "नवीन घ्या" हेच ऐकावे लागले, तर हक्क कुठे राहिला?

हा विषय कला शाखेच्या मुलीचा नव्हे, असे काही मित्रांना वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्याला दर दोन वर्षांनी नवे घेता येते त्याला दुरुस्तीची फिकीर नसते. ज्याच्या घरात एखादी वस्तू एकदाच येते, त्याच्यासाठी दुरुस्ती म्हणजे पुढचे शिक्षण असते. "गरज सरो, वैद्य मरो" अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे वैद्यानेच ती उलटी केली आहे. पैसे हाती पडले, आता गिऱ्हाईक मरो!

शेवटी बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या दादाने लॅपटॉप उघडून पाहिला. तो म्हणाला, "डायग्राम मिळाली तर दोष सापडेल. अंदाजाने हात घातला तर आहे तेही जाईल." त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. लॅपटॉप तेव्हापासून ट्रंकेत आहे आणि हा लेख मी वहीत लिहून संपादकांकडे दिला आहे. आईची मशीन मात्र चालू आहे. माझ्या पुढच्या वर्षाच्या फीचे पैसे त्याच मशीनवर उभे राहत आहेत.