इंजिन दुरुस्त करावे की नवे घ्यावे?



पावसाळ्यात अंधेरीजवळच्या वेसाव्याला लाकडी होड्या किनाऱ्यावर ओढतात. तेव्हा कोळी बांधवांपुढे प्रश्न पडतो: जुने डिझेल इंजिन दुरुस्त करावे की नवे घ्यावे? विहिरीवरच्या इंजिनापाशी तुम्हीही इथेच अडता.

लायनर, पिस्टन, रिंगा झिजल्या असतील तर दुरुस्ती परवडते. ब्लॉक खाऱ्या पाण्याने खाल्ला, तडकला किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तर नवे बरे. मात्र आधी इंजिनाखालचे लाकूड टोचून पाहावे. ते कुजले असेल, तर नव्या इंजिनाच्या हादऱ्याने होडीचे सांधे सुटतात. तुम्हीही आधी इंजिनाचा पाया व फूटव्हॉल्व्ह तपासा. इंजिन उघडून मिस्त्रीकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या. कर्जाचा अर्ज त्यानंतर.