फळ्यामागचे डबे

शाळांना सुट्टी लागली तसा वस्तीतल्या मुलांनी ‘मुंबई दाखवा’ म्हणून आमच्यामागे धोशा लावला. शेवटी एक दिवस रजा टाकली. बेटेगावची आठ-दहा मुले, दोघींच्या आया आणि एक आजी असा जथा बोईसरला डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये चढला. सोबत चपाती-भाजी होतीच, पण मुलांचा डोळा फोर्टातल्या वडापाववर!

चर्चगेटहून चालत ओव्हल मैदान गाठले. समोर राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दोन्ही १८७८ साली पूर्ण झालेली. २०१८ मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरला. इंग्रजांच्या कमानी आणि मनोरे पाहायला देशोदेशीचे लोक येतात. आम्ही मुलांना वेगळेच सांगितले. १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे आमच्या खाजगी मालकीचे, असा दावा तिथल्या सवर्णांनी लावला. तो वर चढत चढत ह्या दगडी इमारतीत आला आणि १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे!

पुढे सीएसएमटीचा घुमट पाहून आझाद मैदानाकडे वळलो. तिथेच एल्फिन्स्टन हायस्कूल. ६ डिसेंबरला आपली माणसे दादरहून गेटवेपर्यंत जाऊन येतात, ह्या शाळेपुढे मात्र क्वचितच कुणी थांबते. इथूनच भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. एकदा मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गलका उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमरावांचा हात फळ्याला लागण्याआधी पोरांनी धावत जाऊन ते डबे दूर केले. पुढे १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही, त्यांनी स्टाफरूममधल्या भांड्यातले पाणी घेण्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच. शिकलेली माणसे ती!

“डब्यात काय होतं?” एका चिमुरडीने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही.

दुपारी सीएसएमटीसमोर गाडीवर वडापाव घेतले. साहेब, हमाल, वकिलांचे कारकून, सगळे खांद्याला खांदा लावून खात होते. मुलांनी तिखट चटणी मागून घेतली आणि मग पाणी पाणी केले. गाडीवाल्याने ग्लास भरून पुढे केला तेव्हा आजीने तो घेतलाच नाही. ती दोन पावले मागे सरली, खाली वाकली आणि तिने ओंजळ पुढे धरली. वाड्याकडच्या गावात लहानपणी असेच, वरून ओतलेले पाणी ती प्यायली होती. नात टकामका बघत राहिली.

“आजी, ग्लास धरा की, मागं माणसं उभी आहेत,” गाडीवाला म्हणाला.

आजीने ग्लास घेतला. रिकामा करून पुन्हा भरून घेतला.

परतीच्या लोकलमध्ये विरारपर्यंत बसायला जागा मिळाली नाही.