सुई आठवड्याची, काळजी रोजची



गेल्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या शेजारच्या सूनबाईंना सातव्या माळेला दवाखान्यात दाखल करावं लागलं. दोन दिवस उलट्या थांबेनात, पोटात पाण्याचा घोट ठरेना. डॉक्टरांनी विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?" सासूबाई खाटेशीच उभ्या होत्या. ही म्हणाली, "काही नाही." मग सलाइन लागलं, पोटाच्या तपासण्या झाल्या, काविळीची शंका घेऊन झाली. घरच्यांनी तर "उपवास बाधला" असं ठरवूनच टाकलं.

संध्याकाळी मी घरच्यांसाठी डबा घेऊन गेले, तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. माझा हात धरून ती म्हणाली, "काकू, तुम्हाला म्हणून सांगते. जाऊबाईंच्या पेनातलं इंजेक्शन घेतलंय मी. वजनाचं. भावाचं लग्न आलंय ना, म्हटलं तोवर चार किलो तरी उतरतील."

मी रागावले नाही. रागवायची ती वेळ नव्हती. फक्त म्हटलं, "हे आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांग. मी बसते इथे." तिने सांगितलं, आणि एका वाक्यात सगळा उलगडा झाला.

तेव्हापासून मनात होतं की ह्या सुईविषयी एकदा सविस्तर लिहावं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही आपल्याकडे विकायला आलं, आणि बघता बघता हळदीकुंकवातसुद्धा त्याच्या गोष्टी निघू लागल्या. औषध वाईट नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण ते औषध आहे, चेहऱ्याला लावायची पावडर नव्हे.

जेवल्यावर आपलं आतडं एक संप्रेरक सोडतं आणि मेंदूला कळवतं की पोट भरलं. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड त्याच संप्रेरकाची नक्कल करतं. मौंजारोतलं टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं. भूक मंदावते आणि अन्न जठरात जास्त वेळ राहतं. म्हणूनच मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब हे त्रास होतात. शरीराला सवय व्हावी म्हणून डोस पायरीपायरीने वाढवतात. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं, टिर्झेपाटाइड २.५ मिलिग्रॅमपासून, आणि पहिली पायरी चार आठवड्यांची असते. जाऊबाई अशाच चढत चढत १ मिलिग्रॅमवर पोचल्या होत्या. आमच्या सूनबाईंनी पहिल्याच दिवशी तेवढं घेतलं, म्हणजे चौपट! त्यात पोटात नऊ दिवसांचा उपवास.

आता हे औषध कोणाला? सर्वसाधारण नियम असा: उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, आणि किलोतल्या वजनाला त्या आकड्याने भागा. उत्तर ३० किंवा जास्त आलं तर, अथवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाबासारखा आजार जोडीला असेल तर डॉक्टर ह्याचा विचार करतात. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला ३० म्हणजे सुमारे ७२ किलो आणि २७ म्हणजे सुमारे ६५. आमच्या सूनबाईंची उंची तेवढीच, वजन ६१, दुसरा आजार नाही. म्हणजे जिच्यासाठी एवढं रामायण झालं, त्या सुईची तिला गरजच नव्हती.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा काही गोष्टी न विचारता सांगा. घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का? तुम्हाला पूर्वी स्वादुपिंडाची सूज किंवा पित्ताशयात खडे होते का? मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, तेव्हा त्यांचा डोस बदलावा लागतो. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. गरोदरपणी ही इंजेक्शनं घ्यायची नाहीत, आणि बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायची नाहीत. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांनी नीट ऐका: टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर, आणि पुढे प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर, चार आठवडे त्या गोळीवर विसंबू नका, दुसरं साधनही वापरा. कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ह्या सुईविषयी आठवणीने सांगा.

औषध चिठ्ठीवर आणि ओळखीच्या दुकानातूनच घ्या, पावती घ्या, मुदत बघा. "अर्ध्या किमतीत मिळतंय" म्हणून कोणाकडून तरी मागवू नका. न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नका. मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही. वापरात असलेलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते प्रत्येक औषधाचं वेगळं आहे. आतल्या पत्रकात बघा आणि पहिल्यांदा वापरल्याची तारीख खोक्यावर लिहून ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ओट्यावर सहज ३५ अंश होतात, तेव्हा पेन बाहेर विसरू नका.

सुई घेण्याचा वार ठरवून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो ना, तिथेच खूण करा आणि जागाही लिहा: पोट डावं, पोट उजवं, मांडी. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीच्या पुढच्या भागावर घ्यायचं, दर वेळी जागा थोडी बदलायची. हात साबणाने धुवा. औषध स्वच्छ पाण्यासारखं दिसायला हवं. गढूळ असेल किंवा त्यात कण दिसले तर घेऊ नका. बटण दाबल्यावर सुई लगेच काढू नका, मनात सावकाश दहा आकडे मोजा. पहिलं इंजेक्शन मात्र डॉक्टरांसमोर किंवा नर्सबाईंसमोरच घ्या. आणि पेनाऐवजी कुपी मिळाली असेल तर विशेष जपा. मिलिग्रॅम वेगळे आणि सिरिंजवरचे युनिट वेगळे, अंदाजाने भरू नका.

सुई दर वेळी नवी. सुई बदलली तरी दुसरीचं पेन वापरायचं नाही, कारण रक्ताचा अंश पेनात मागे जाऊ शकतो आणि त्यातून आजार पसरू शकतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून साठवा आणि आपल्या दवाखान्यात विचारून तिथे द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलीत तर सफाई करणाऱ्या बाईंच्या हाताला टोचेल, तीही कोणाची तरी आईच.

एखादा वार चुकला आणि दोन-तीन दिवसांत आठवण झाली तर घेता येतं. त्याहून उशीर झाला तर डॉक्टरांना विचारा. दोन डोस एकदम कधीच नाही.

खाणं थोडं थोडं आणि सावकाश. भजी-वड्यांनी मळमळ वाढते. भूक नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढलात तर चरबीबरोबर स्नायूही झडतील. मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, ताक, पनीर, खात असाल तर अंडं हे रोज पोटात जायला हवं. पाणी भरपूर, आणि चालण्याच्या जोडीला थोडं वजन उचलण्याचा व्यायाम. कडक उपवास मात्र ह्या काळात नको. देवीला तुमची उपासमार नको असते.

पोटाच्या वरच्या भागात सतत जोराची कळ येऊन ती पाठीत गेली, उजव्या फासळीखाली दुखून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, लघवी कमी होऊन चक्कर आली, तर सकाळची वाट बघू नका. दवाखाना गाठा आणि पहिल्या वाक्यातच सुईचं नाव सांगा.

आणखी एक. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे हा लग्नापुरता उपाय नव्हे. किती काळ घ्यायचं आणि खर्च झेपेल का, हे घरात बसून आधीच बोलायला हवं.

आणि इथेच तर आपलं घोडं अडतं! वजनावरून टोमणे घरादारासमोर मारले जातात, पण त्यावरचं औषध मात्र लपवून घ्यावंसं वाटतं. लाज वाटते, मला समजतं. पण निदान एका माणसाला तरी सांगून ठेवा. नवऱ्याला, बहिणीला, शेजारच्या काकूंना. तुम्हाला बोलता येत नसेल त्या वेळी डॉक्टरांना सांगणारं कोणीतरी हवं.

आमच्या सूनबाई तिसऱ्या दिवशी घरी आल्या. सासूबाई आधी पुष्कळ बोलल्या, मग स्वतःच ताकाचा पेला पुढे केला. लग्नात तिने आपल्या शालूच्या ब्लाउजची शिवण दोन बोटं उसवून घेतली, आणि काय सांगू, सुरेख दिसत होती.